पूर्वपक्षाचे आसन

नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडून आलेल्या महाराष्ट्र विधानसभेने आपले पहिले संपूर्ण वर्ष विरोधी पक्षनेत्याविना काढले. २०२५ चे अर्थसंकल्पी अधिवेशन झाले, पावसाळी झाले, डिसेंबरात नागपूरचे हिवाळी अधिवेशनही उरकले. दरम्यान ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस विधान परिषदेतील विरोधी पक्षनेत्यांची मुदत संपली आणि तेथली जागाही रिकामी झाली. त्यामुळे नागपूरला दोन्ही सभागृहे भरली तेव्हा हे पद कोणाकडेच नव्हते. वर्तमानपत्रांनी या गोष्टीची दखल घेतली ती बहुतांशी पक्षांच्या रस्सीखेचीतला एक प्रसंग म्हणून : पद कोणाच्या वाट्याला जाणार, बंगला कोणाला, गाडी कोणाला. चार दिवस बातमी चालली आणि विरली.

आम्ही या विषयावर लिहीत आहोत ते विरोधी पक्षांच्या प्रेमापोटी नव्हे. आम्ही परंपरावादी आहोत. हा शब्द आमच्या क्षेत्रात शिवीसारखा वापरला जातो याची कल्पना असूनही आम्ही तो स्वतःसाठी वापरतो. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली गोष्ट मोडण्याआधी ती का टिकली हे विचारावे, एवढाच त्याचा आमच्या लेखी अर्थ. २०२४ च्या निवडणुकीत आमच्यापैकी बहुतेकांची सहानुभूती विजयी बाजूकडे होती, हे लपवण्याचेही कारण नाही. म्हणूनच हा प्रश्न आम्हांस अधिक बोचतो. परंपरा, संस्कृती, वारसा हे शब्द ज्या बाजूच्या भाषणांत सर्वांत जास्त वेळा येतात, त्याच बाजूच्या बहुमताच्या काळात महाराष्ट्राच्या विधिमंडळाची एक जुनी आणि खास आपली अशी परंपरा खंडित झाली, आणि त्याबद्दल त्या बाजूच्या विचारी लोकांनी फारसे काही म्हटले नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना 'संकेत' हा शब्द परिचित आहे. काव्यसंकेत, नाट्यसंकेत आपण शिकवतो. रंगमंचावर मृत्यू दाखवू नये हा संस्कृत नाटकाचा संकेत. भासाने 'ऊरुभंगा'त तो मोडला, पण मोडताना दुर्योधनाच्या अखेरीला अशी उंची दिली की मोडण्याचे कारण प्रेक्षकाला नाटकातच मिळाले. नियम आणि संकेत यांत फरक आहे तो इथे. नियम मोडला तर शिक्षा असते. संकेत मोडला तर शिक्षा नसते. फक्त प्रेक्षकाचा समोर चाललेल्या खेळावरचा विश्वास उडतो. म्हणून संकेत मोडणाऱ्यावर कारण देण्याची जबाबदारी नियम मोडणाऱ्यापेक्षा अधिक असते. संसदीय व्यवहारालाही आपण मराठीत 'संसदीय संकेत' असेच म्हणतो. हे भाषांतर ज्याने पहिल्यांदा केले त्याला आमचे वंदन.

आता कारणाकडे. सर्वत्र सांगितले गेलेले कारण एक दशांशाचे आहे. विधानसभेचे २८८ सदस्य. त्याचा एक दशांश म्हणजे २९. विरोधातील सर्वांत मोठ्या पक्षाला, शिवसेनेच्या ठाकरे गटाला, २० जागा मिळाल्या. काँग्रेसला १६, शरद पवारांच्या राष्ट्रवादीला १०. कोणाचेही २९ होत नाहीत, सबब पद नाही. हे गणित इतक्या सहजतेने मांडले जाते की ते कुठल्या तरी कलमात लिहिलेले असावे असे ऐकणाऱ्यास वाटते.

ते तसे लिहिलेले नाही. राज्यघटनेत विरोधी पक्षनेत्याच्या पदासाठी कोणताही अपूर्णांक नाही. महाराष्ट्रात या पदाच्या वेतनभत्त्यांचा कायदा १९७८ चा आहे, आणि तो संसदेच्या १९७७ च्या कायद्याच्या धर्तीवर बेतलेला आहे. त्यातली व्याख्या साधी आहे : सरकारच्या विरोधात असलेल्या पक्षांपैकी ज्याचे संख्याबळ सर्वाधिक, त्या पक्षाचा सभागृहातला नेता, आणि त्याला अध्यक्षांनी दिलेली मान्यता. सर्वाधिक म्हणजे इतर विरोधी पक्षांपेक्षा जास्त. किती जास्त, एकूण सभागृहाच्या किती भाग, याचा त्यात उल्लेख नाही.

मग एक दशांश आला कोठून? तो आला लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्याकडून. मूळच्या कोकणातल्या घराण्यातले, अहमदाबादेत वकिली केलेले, १९३७ पासून मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद भूषवलेले हे गृहस्थ नियमांच्या बाबतीत अतिशय काटेकोर. सभागृहात डझनभर लहान गट, त्यांतल्या कोणाला संसदीय पक्ष म्हणून ओळखायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. ज्या गटाच्या एकट्याच्या बळावर सभागृहाची गणपूर्ती होऊ शकते त्याला पक्ष म्हणावे, असा हिशेब त्यांनी लावला. आणि गणपूर्ती एक दशांशाची. म्हणजे बाकांची विभागणी, बोलण्याच्या वेळेची वाटणी अशा व्यवहारी सोयीसाठी केलेली ही मोजपट्टी होती. दिल्लीत ती पुढे विरोधी पक्षनेत्याच्या पदालाही लावली गेली. तिचा वापर कोणी कोणाविरुद्ध केला हे पाहू लागले की कोणत्याच पक्षाचे हात कोरडे दिसत नाहीत. १९८४ च्या लाटेनंतर तेलुगू देसमचे ३० खासदार विरोधातले सर्वांत मोठे; त्यांच्या नेत्याला पद मिळाले नाही. १९८० ते १९८९ ही सारी वर्षे लोकसभेला मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नव्हता, आणि त्या काळात राज्य काँग्रेसचे होते. २०१४ मध्ये काँग्रेस ४४ वर आली आणि तीच मोजपट्टी तिच्यावर उलटली. तेव्हा अध्यक्षपदी सुमित्रा महाजन होत्या. माहेर चिपळूणचे, कारकीर्द इंदूरची. त्यांनी निदान नकार स्पष्ट शब्दांत कळवला होता.

दिल्लीचा हा इतिहास सांगून महाराष्ट्रातल्या रिकाम्या आसनाचे समर्थन केले जाते. "तुम्ही तेव्हा दिले नाही, आम्ही आता देत नाही." राजकीय वादाचा भाग म्हणून हे ठीक आहे. परंतु परंपरा म्हणून पाहायचे तर आपण दिल्लीची परंपरा का चालवावी? आपली स्वतःची आहे. आणि ती अधिक उदार आहे.

१९६२ ची निवडणूक ही महाराष्ट्र राज्याची पहिली. एकूण जागा २६४, काँग्रेसच्या २१५. विरोधातला सर्वांत मोठा पक्ष शेतकरी कामगार पक्ष, जागा १५. मावळंकरांच्या मोजपट्टीने २७ हव्या होत्या. तरीही कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले. १९६७ मध्ये २७० पैकी शेकापच्या १९, धुळपच पुन्हा. १९७२ ची निवडणूक तर विरोधकांच्या दृष्टीने प्रलयच होता : काँग्रेस २२२, आणि तिच्यानंतरचा पक्ष पुन्हा शेकाप, फक्त ७ जागांचा. सात! एका टेम्पोत मावतील इतके आमदार. त्या सातांचे नेते दिनकर बाळू पाटील, म्हणजे रायगड-नवी मुंबईच्या लोकांचे 'दि. बा.', हे १९७२ ते १९७७ या काळात महाराष्ट्र विधानसभेचे विरोधी पक्षनेते होते.

या तिन्ही विधानसभांत सत्तारूढ पक्षाला विरोधकांची गरज संख्येच्या हिशेबाने कणभरही नव्हती. पद नाकारले असते तर कोणी न्यायालयात गेले असते असेही नाही; १९७८ चा कायदा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. मान्यता दिली गेली ती देण्याची रीत म्हणून. १९६२ ते १९७२ या दशकात विधानसभेचे अध्यक्ष होते बाळासाहेब भारदे. भारदे गांधीवादी, आणि संतसाहित्यात मुरलेले. ज्या माणसाचे मन कीर्तनाच्या परंपरेत घडले आहे, त्याला समोरच्या बाजूचे ऐकून घेणे हे उपकार वाटत नाही, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. हे अनुमान आहे, पुरावा नव्हे. पण त्या काळच्या अध्यक्षांची आणि नेत्यांची घडण कोणत्या वाङ्मयावर झाली होती, याचा आपल्या विद्यापीठांतून अभ्यास व्हायला हवा.

या सात आमदारांच्या विधानसभेबद्दल आणखी थोडे सांगितले पाहिजे. १९७२ चा दुष्काळ हा तिचाच काळ. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना त्या दुष्काळात राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्यामागे तीच प्रेरणा होती. पागे काँग्रेसचे. पण खडी फोडायला निघालेल्या माणसांची मजुरी, कामाचे अंतर, मस्टरवरची नावे हे प्रश्न विधिमंडळात आणि बाहेर लावून धरणारे शेकापचे होते, समाजवादी होते, कम्युनिस्ट होते. एवढ्या दुबळ्या संख्याबळाच्या विरोधी बाकांसमोर एवढा मोठा कायदा आकाराला आला, याचे श्रेय कोणा एकाला देता येत नाही. आणि ते देता येऊ नये हेच त्या विधिमंडळाचे मोठेपण होते. आज नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव हवे म्हणून सर्व पक्षांत चढाओढ असते. २०२२ मध्ये विधिमंडळाने तसा ठरावही केला. दि. बां.चे नाव धावपट्टीला द्यायला सारे तयार; त्यांचे पद ज्या संकेतावर उभे होते तो संकेत मात्र कोणाला आठवत नाही.

२०१५ चे दिल्ली विधानसभेचे उदाहरणही सत्तारूढ बाजूने आठवावे असे आहे. सत्तर जागांच्या त्या सभागृहात भाजपचे तीन आमदार निवडून आले. आम आदमी पक्षाच्या अध्यक्षांनी त्या तिघांच्या नेत्याला, विजेंद्र गुप्ता यांना, विरोधी पक्षनेतेपद दिले. तो पक्ष आमच्या आवडीचा नाही. त्याच्या राजकारणात परंपरेला स्थान आहे असेही आम्हांस कधी दिसले नाही. पण या एका बाबतीत तो आमच्यापेक्षा अधिक परंपरावादी ठरला.

आता एक बाब जिच्याकडे फार कमी लोकांचे लक्ष गेले. ५ डिसेंबर २०२४ रोजी आझाद मैदानावर ज्या तिघांनी शपथ घेतली, म्हणजे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे व अजित पवार, ते तिघेही विधानसभेचे विरोधी पक्षनेते राहिलेले होते. फडणवीस २०१९ च्या अखेरपासून जून २०२२ पर्यंत, अजित पवार २०२२-२३ मध्ये, आणि शिंदे २०१४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात जेमतेम काही आठवडे. त्या आसनावरून सरकारला कसे धारेवर धरता येते हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? फडणवीसांची अडीच वर्षांची विरोधी पक्षनेतेपदाची कारकीर्द आम्ही आमच्या बाजूची म्हणून कौतुकाने पाहिली. आकडे, कागद, कायद्याचा आधार आणि नेमका शब्द यांची सांगड त्या भाषणांत असे. त्या आसनाचा पुरेपूर उपयोग करणाऱ्यांच्याच राज्यात ते रिकामे पडावे, यात आम्हांस काव्यगत न्याय नव्हे तर नुसता अन्याय दिसतो.

मात्र याच यादीत आसनाच्या अवमूल्यनाची कथाही दडलेली आहे. शिंदे त्या पदावरून मंत्रिमंडळात गेले ते त्यांचा संपूर्ण पक्षच सरकारात सामील झाल्याने. त्याला दोष देता येणार नाही. पण २०१९ मध्ये काँग्रेसचे राधाकृष्ण विखे पाटील, साडेचार वर्षे विरोधी पक्षनेते असलेले, जूनमध्ये भाजप सरकारात मंत्री झाले. २ जुलै २०२३ रोजी अजित पवार विरोधी पक्षनेते म्हणून सकाळी घरून निघाले आणि दुपारी राजभवनात उपमुख्यमंत्री झाले. दहा वर्षांत तीनदा हे आसन सरकारच्या दिवाणखान्याचे प्रवेशद्वार ठरले. तेव्हा आमच्या बाजूने याला चातुर्य म्हटले, चाणक्यनीती म्हटले. कौटिल्याच्या ग्रंथाची पाने न उलटता त्याचे नाव इतक्यांदा घेतले जाते की तो ग्रंथ अभ्यासक्रमातून काढला तरी राजकीय बातमीदारांचे काही अडणार नाही. आसन प्रथम स्वस्त झाले, मग रिकामे झाले. हा क्रम आहे, आणि तो आमच्या टाळ्यांच्या साथीने झाला आहे.

विरोधकांना यात अश्रू ढाळण्याचा अधिकार कितपत, हेही विचारले पाहिजे. महाविकास आघाडीच्या काळात फेब्रुवारी २०२१ पासून जुलै २०२२ पर्यंत विधानसभेला अध्यक्षच नव्हता. निवडणूक घेण्याचे धैर्य झाले नाही म्हणून उपाध्यक्षांवर निभावले. ५ जुलै २०२१ रोजी भाजपच्या बारा आमदारांना एका झटक्यात वर्षभरासाठी निलंबित केले गेले. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन घटनाबाह्य ठरवले. बारा मतदारसंघ वर्षभर मुके ठेवण्याची कल्पना ज्यांना सुचली त्यांनी आता संकेतांची शिकवणी घ्यावी, हे जरा जडच जाते. शिवाय हे पद कोणाला हवे यावर आघाडीतच एकमत किती होते? ठाकरे गटाने मार्च २०२५ मध्ये भास्कर जाधवांचे नाव अध्यक्षांकडे दिले खरे. पण पुढे वर्षभर तिन्ही पक्षांनी मिळून या एका मागणीसाठी सभागृहाचे कामकाज जितके अडवायला हवे होते, तितके अडवलेले दिसले नाही. विधानभवनाच्या पायऱ्यांवर फलक घेऊन, कधी काही वेश करून, कॅमेऱ्यांसमोर बसण्यात मात्र खंड नव्हता. पायऱ्या ही सभागृहाबाहेरची जागा आहे.

आम्ही दोन्ही बाजूंना सारखेच तोलतो आहोत असा समज होऊ नये. उन्नीस-बीसचा हिशेब मांडून मोकळे होणे ही आपल्या समीक्षेला लागलेली खोड आहे. जबाबदारी सत्तेकडे अधिक असते, कारण देण्याजोगे तिच्याकडेच असते.

या पदाला आपण मराठीत 'विरोधी पक्षनेता' म्हणतो. हिंदीत 'नेता प्रतिपक्ष' म्हणतात. हिंदीचा शब्द आम्हांला अधिक बरा वाटतो (तिसऱ्या भाषेच्या वादात हे वाक्य आमच्याविरुद्ध वापरले जाईल, तरी). 'विरोध' या शब्दात अडवणे आहे, वाट रोखणे आहे. 'प्रतिपक्ष' म्हणजे समोरची बाजू, आणि तो आपल्या शास्त्रपरंपरेतला शब्द आहे. त्याच घरातला 'पूर्वपक्ष'. कोणताही सिद्धान्त मांडण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडायचे, त्याच्या वतीने शंका काढायच्या, आणि मगच उत्तर द्यायचे, ही भाष्यकारांची शिस्त. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात सांख्यांना 'प्रधानमल्ल' म्हटले : मुख्य पैलवानाला हरवले की बाकीचे हरल्यासारखेच, म्हणून सारा जोर त्याच्यावर. इथे कुस्तीचा शब्द यावा हे आपल्याला तरी नवल वाटू नये. जत्रेच्या फडात पैलवान कितीही मोठा असो, तोलामोलाची जोड नसेल तर त्याची कुस्ती लागत नाही. नुसता लंगोट लावून आखाड्यात फेरी मारणाऱ्याला कोणी इनाम देत नाही. मराठीतच पाहायचे तर ज्ञानदेवांनी 'अमृतानुभवा'तले सर्वांत मोठे प्रकरण अज्ञानखंडनाला दिले आहे. ज्याचे अस्तित्वच ते मान्य करीत नाहीत त्या अज्ञानालाही त्यांनी एवढी जागा दिली. ही आमची परंपरा. पूर्वपक्ष गाळून थेट सिद्धान्तावर येणारा ग्रंथ आपल्याकडे शास्त्रात गणला जात नसे.

विधिमंडळात पूर्वपक्षाचे आसन रिकामे राहिले की काय होते, याची दोन उदाहरणे २०२५ सालातलीच आहेत.

पहिले महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाचे. शहरांत चालणाऱ्या कडव्या डाव्या संघटनांना आवर घालण्याचा त्याचा उद्देश; त्या उद्देशाला आमचा पाठिंबा आहे. संयुक्त समितीकडे हजारो सूचना आल्या, काही शब्द बदलले, आणि १० जुलै रोजी ते विधानसभेत आवाजी मतदानाने संमत झाले. उघड आणि स्पष्ट विरोध नोंदवला तो जवळपास एकट्या डहाणूच्या मार्क्सवादी आमदारांनी. दुसऱ्या दिवशी परिषदेत सभात्याग झाला. खरी टीका मग सभागृहाबाहेर सुरू झाली : सभांतून, पत्रकांतून, दूरदर्शनच्या चर्चांतून. विधेयकाचे मित्र म्हणून आम्ही म्हणतो, हे आमचे नुकसान आहे. 'बेकायदेशीर कृत्य' या शब्दाची व्याख्या किती रुंद, सल्लागार मंडळात कोण, अपिलाची वाट कोणती, हे प्रश्न सभागृहात एका जबाबदार व्यक्तीने तासभर उलगडून विचारले असते आणि गृहखात्याने त्यांना उत्तरे दिली असती, तर ती उत्तरे कार्यवृत्तात छापली गेली असती. उद्या न्यायालयात कायद्याचा हेतू पाहायचा झाला तर तीच पाने उपयोगी पडतात. विरोधाशिवाय संमत झालेल्या कायद्याचे जतन करणे अवघड जाते, कारण तो कशाकशाला पुरून उरला हे कोणालाच सांगता येत नाही.

दुसरे उदाहरण आमच्या पोटापाण्याच्या विषयाचे. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा झाली. १७ जूनला सुधारित निर्णय आला, आणि २९ जूनला, पावसाळी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, दोन्ही निर्णय मागे घेऊन समिती नेमली गेली. सहा-सात वर्षांच्या मुलांवर किती भाषांचे ओझे टाकावे याबद्दल शिक्षकांमध्ये गंभीर मतभेद आहेत. आम्हां मराठीच्या अध्यापकांतही आहेत. पण या अडीच महिन्यांत विधानसभेच्या पटलावर या विषयाची एकही सविस्तर चर्चा झाली नाही. निर्णय शासनाच्या कागदावर निघाला, रस्त्यावरच्या दडपणाने मागे गेला, आणि ५ जुलैला वरळीत विजयाचा मेळावा झाला. भाषेसारखा नाजूक प्रश्न मेळाव्याच्या व्यासपीठावरून सुटला असे वाटणे, हे कोणाही परंपरावाद्यास अस्वस्थ करणारे आहे. सभागृहात प्रतिपक्षाला खुर्ची नसली की प्रतिपक्ष नाहीसा होत नाही. तो मैदानात जातो. मैदानात त्याला अध्यक्ष नसतो, नियम नसतात, आणि असंसदीय शब्द वगळण्याची सोय नसते. त्याच जुलैत विधानभवनाच्या आवारात कार्यकर्त्यांची हाणामारी झाली, आणि आमदार निवासाच्या उपाहारगृहात शिळ्या वरणावरून कर्मचाऱ्याला ठोसे बसले. याचा संबंध रिकाम्या आसनाशी थेट जोडणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि घरातला वडीलधाऱ्यांचा कोपरा मोकळा झाला की मुलांचा आवाज कसा चढतो ते आपण पाहतोच.

यापेक्षा कमी बोलले जाणारे, पण अधिक टिकाऊ परिणाम घडवणारे एक क्षेत्र नेमणुकांचे आहे. राज्य मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षांची निवड करणाऱ्या समितीत, १९९३ च्या कायद्यानुसार, विधानसभेतील विरोधी पक्षनेता असतो. राज्य माहिती आयुक्तांच्या निवड समितीत मुख्यमंत्री, एक मंत्री आणि विरोधी पक्षनेता. तीन जणांच्या समितीतला एकमेव बाहेरचा माणूस तोच. २००५ चा माहिती अधिकार कायदा करणाऱ्यांना एक दशांशाच्या खेळाची जाणीव असावी, कारण त्यांनी कलमाखाली एक स्पष्टीकरण जोडून ठेवले : विरोधी पक्षनेत्याला मान्यता नसेल तर विधानसभेतील विरोधातल्या सर्वांत मोठ्या एकट्या गटाच्या नेत्याला तो समजावे. म्हणजे आपल्याच एका कायद्याला २० आमदारांचा नेता विरोधी पक्षनेता म्हणून चालतो.

"लोकांनीच विरोधी पक्ष नाकारला, आम्ही काय करणार," असे आमच्या मित्रांकडून ऐकू येते. लोकांनी सरकार कोणाचे हे ठरवले, आणि निःसंदिग्धपणे ठरवले. पण महाविकास आघाडीच्या तीन पक्षांना मिळून सुमारे एक तृतीयांश मते त्याच निवडणुकीत मिळाली आहेत, आणि त्यांचे आमदार ४६ आहेत. आघाडी म्हणून मत मागणाऱ्यांना आघाडी म्हणून सरकार करता येते, तर आघाडी म्हणून विरोधात बसता का येऊ नये, याचे उत्तर आम्हांस कोठे मिळालेले नाही. शिवाय 'लोकांनी नाकारले' हा युक्तिवाद १९७२ मध्ये २२२ आमदारांच्या पक्षाला अधिक शोभला असता. त्याने तो केला नाही.

अध्यक्षांना हे आसन भरण्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, न्यायालयाची वाट पाहावी लागत नाही, विधेयक आणावे लागत नाही. १९७८ च्या व्याख्येखाली एक मान्यतापत्र पुरते. द्यायचे नसेल तर नकाराची कारणे लेखी द्यावीत. भासाने दिली तशी नाट्यमय नकोत, साध्या सरकारी मराठीतली चालतील. २०२५ च्या तीन अधिवेशनांत होकार आला नाही आणि कारणांसह नकारही आला नाही.

आणि विरोधकांनीही एक करावे. अधिवेशनाच्या पूर्वसंध्येला सरकारतर्फे चहापान ठेवले जाते आणि विरोधक त्यावर बहिष्कार घालतात. हे इतक्या वर्षांपासून इतक्या नेमाने चालले आहे की बहिष्काराची बातमी आता फक्त तारीख बदलून छापता येईल. १९६२ च्या पंधरांनी आणि १९७२ च्या सातांनी आपले स्थान मिळवले ते समोरासमोर बसून. पुढच्या अधिवेशनाच्या आदल्या संध्याकाळी तिन्ही पक्षांच्या नेत्यांनी एकत्र चहापानाला जावे, चहा घ्यावा, आणि कपबशी खाली ठेवल्यावर १९७८ च्या कायद्याची एक प्रत मुख्यमंत्र्यांच्या हाती द्यावी.